गादीवाल्यामागची खोली

ताई : माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गादीवाल्याच्या दुकानामागची खोली. तुझ्या नवऱ्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत!

छकू : दुसरं कुणी असेल.

ताई : भर उन्हाळ्यात कानटोपी घालणारा दुसरा कोण आहे गं? छापखाना पाचला सुटतो. हा अंधार पडल्यावर घरी येतो. तू विचारलंस?

छकू : नाही.

ताई : का?

छकू : तो खरं सांगेल म्हणून.

ताई : डॉक्टरीणबाई ऑटिझम म्हणाल्या, म्हणून सगळं खपवून घ्यायचं?

छकू : तसं नाही, ताई. भावजींना विचारलं तर ते वेळ मारून नेतील. याला ते जमतच नाही. एकदा उत्तर मिळालं की मिळालं. मग मी काय करू?

(दाराला किल्ली लागते.)

नवरा : ताईंच्या चपलेला नवा पट्टा लागलाय.

ताई : चपलेचं राहू द्या. तुमची एक खोली आहे म्हणे?

नवरा : हो.

ताई : बघ! कुणाबरोबर असता तिथे?

नवरा : गाद्यांबरोबर.

ताई : थट्टा करताय माझी?

नवरा : नाही. भिंतींना गाद्या टेकवून ठेवल्यात, आवाज आत येत नाही. मी गादीवाल्याला खोळींच्या कापडाचे रंग जुळवून देतो. दोन लालांमधला फरक त्याला दिसत नाही. त्याने किल्ली दिली.

ताई : आणखी कोण येतं?

नवरा : मंगळवारी तुम्ही आला होतात. खिडकीच्या काचेला नाक लावलं होतंत.

ताई : मी... गादी बघायला गेले होते.

नवरा : गाद्या पुढच्या बाजूला विकतात.

छकू : ताई, जरा गप्प बस. तू सरळ घरी का येत नाहीस रे?

नवरा : छापखान्यातलं यंत्र डोक्यात चालूच असतं. तसाच आलो तर तू बोलतेस आणि मला अर्थच लागत नाही. तिथे बसलो की यंत्र थांबतं. मग येतो.

छकू : मग मला सांगायचं नाही?

नवरा : बाहेरची कटकट घरात आणू नकोस, असं तू म्हणाली होतीस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात.

ताई : अगं बाई!

छकू : अजून एक विचारायचंय.

ताई : नको विचारूस, वेडे.

छकू : तुला माझा कंटाळा येतो?

नवरा : पंखा बंद करतो. नीट आठवावं लागेल.

ताई : यात आठवायचं काय, बाप रे! सरळ नाही म्हणायचं!

छकू : आठवू दे त्याला.

(नवरा पंखा बंद करतो. ताई पदराने वारा घेते.)

नवरा : नाही. एकदाही आलेला नाही.

ताई : झालं? आता लावू का पंखा? जीव चाललाय उकाड्याने.

छकू : राहू दे ना थोडा वेळ.