दहापैकी सात

नाही, उपाशी नाही आली मी. चहा घेतला, दोन चमचे साखर टाकून घेतला, वरून पोहे खाल्ले. तू सोमवारी फोनवर तीनदा सांगतलं — देवकीकाकू, काही खाऊ नका, लघवीत साखर निघाली आहे, खूप निघाली आहे, रक्त घ्यावं लागते — ऐकलं मी सारं. कानानं धड आहे मी, गुडघ्यानंच गेली होती. पण रक्त नको घेऊ आज. ठेव ती सुई खाली. अन् दार लोट जरा, बाहेरच्या बाया कान देऊन बसल्या आहेत. बस, हर्षा. चोवीस प्रश्न विचारते तू मले दर गुरुवारी फोनवर, आज मी न विचारता सांगतो.

पहिल्यापासून सांगतो, नाही तर तू म्हणशील काकूचं डोकं फिरलं. बावीस वर्षं महाल भागातल्या शाळेत पोट्ट्यांची खिचडी शिजवली मी, उकिडवं बसून, एवढा मोठा गंज चुलीवर — त्यात गेले गुडघे. उजवा तर असा की संडासात बसली की उठायले भिंत धरा. मंग कोणी म्हटलं रामदासपेठेतल्या दवाखान्यात जा, अन् मी इथं आली. तुह्या डॉक्टरसाहेबानं फोटो पाहिला अन् म्हणे हाडांमधली गादी झिजली, आमचा एक अभ्यास चालू आहे, त्यात नाव घालता काय? अर्ध्या लोकांले त्यांचंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, वरचं पिवळं पाणी गुडघ्यात टोचतात, अर्ध्यांले ते चिकट औषध — अन् कोणाले काय टोचलं ते सांगत नाहीत. मी चौथी पास आहे, पण ती अकरा पानं तुह्याकडून वाचून घेतली अन् मंगच सही केली. सही करतो मी, अंगठा नाही देत. मधात पडदा धरला, सुई गेली, पाणी गेलं की औषध गेलं ते मले आजवर माहीत नाही. तुलेबी माहीत नाही म्हणते तू. असंन.

अन् फरक पडला. आता खरं सांगतो — दुसऱ्या महिन्यापासूनच पडला. बडकस चौकातून भाजी आणली पायी, दोन्ही हातांत पिशव्या, घरी येऊन ओट्यावर ठेवल्या तेव्हा आठवलं की आपल्याले गुडघे आहेत. मंग तुले काहून नाही सांगतलं? काहून म्हणजे — माही हिमानी इंदोरले असते, वाईट नाही पोरगी, रोज फोन करते. गोळी घेतली? जेवली? ठेवते मी — माहं 'हो' निघेपर्यंत तिकडून बंद. अन् तू विचारते, जिना चढताना दुखते काय, पलंगावरून उठताना दुखते काय, पायमोजे घालताना दुखते काय. मी जन्मात पायमोजे घातले नाहीत, तरी तुले सांगत गेली, डावा घालताना कमी, उजवा घालताना जास्त. हसू नको. रात्री कुशीवर वळताना दुखते काय — हे तर आमच्या घरच्या माणसानं ते होते तोपर्यंत विचारलं नाही कधी. अन् तू विचारून थांबते. लिहून राहिली असते म्हणून थांबते, समजते ते मले, एवढी भोळी नाही मी. पण थांबते न. गुरुवारी अकरा वाजता मी कुकर नाही लावत, शिट्टीत तुहा आवाज हरवते म्हणून.

तर तू एक दिवस म्हटलं, सहा महिने झाले की ज्यांचा आकडा तीनच्या खाली आला त्यांले तीन महिन्यांतून एक फोन. ज्यांचं दुखणं तसंच, त्यांचे गुरुवार चालू. आनंदाची गोष्ट सांगावी तसं सांगतलं तू. अन् मंग विचारलं, काकू, दहापैकी किती? माह्या तोंडून सात निघालं. होतं दोन. दोनबी नसंन, दीड. पुढच्या गुरुवारीबी सात. एकडाव तर आठ म्हटलं, कारण आठ म्हटलं की तू 'अरे देवा' म्हणते, हळूच.

पण रक्ताले कोण शिकवणार खोटं बोलायले? डॉक्टरसाहेब म्हणाले, काकू, रक्तातले सुजेचे आकडे तर अर्ध्यावर आले तुमचे, मंग दुखते कुठून? लघवीतही पाहू. अन् तूच समजावलं होतं — गादी झिजते तेव्हा तिचा चुरा लघवीत उतरते, मशीन तो मोजते. बाटली देली तू, सकाळची आणा म्हटलं. मी ती बाटली घरी नेली अन् ओट्यावर ठेवून पाहत बसली. वाटलं, झालं, ही सारं सांगते आता. अन् भिंतीपलीकडे सुभद्रा. तिचे गुडघे म्हणजे — चालते तर आवाज मले इकडे ऐकू येते. मी तिले म्हटलं, दवाखान्यात फुकट तपासून देतात, दे भरून. तिनं काही विचारलं नाही. रुमालात गुंडाळून आणून देली. बाटली तिची, नाव माहं.

हो. तेच सांगून राहिली मी. साखर माही नाही, तिची आहे.

असं नको पाहू वं. वही काहून बंद केली? उघड. अजून संपलं नाही माहं.

सोमवारी फोन आला तुहा. गुरुवार नसताना आला. आवाज बारीक केला होता तू, भीत भीत बोलून राहिली होती, अन् मले — हे लिहू नको कुठं — मले बरं वाटलं. की ही पोरगी माह्यासाठी घाबरली. साखर कोणाची ते मले फोन ठेवायच्या आधीच समजलं होतं. समजूनबी दोन दिवस गप्प राहिली. तुहा तो घाबरलेला आवाज घेऊन बसली घरात, एकटी. काल सुभद्रा अंगणात पाय धुवून राहिली होती तर तिचा अंगठा दिसला. दिवाळीत चप्पल चावली म्हणे, आता होळी आली, जखम भरत नाही, हळद लावून राहिली. मी म्हटलं, किती दुखते? तर म्हणे दुखतच नाही, तेच बरं आहे. आमच्या शाळेचे चौकीदार मधुकरराव असंच म्हणत होते — दुखत नाही, दुखत नाही. इथून कापला त्यांचा पाय. इथून.

मी रातभर कुशीवर नाही वळली, सरळ पडून राहिली.

आणलं मी तिले. खाली पायऱ्यांवर बसली आहे, लिफ्टले भेते. उपाशी आहे ती, पाणीच पिलं, तू सांगतलं तसं. सांगतलं तिले सारं, रिक्षात सांगतलं. ती बाहेर पाहत होती. उतरताना मी हात पुढं केला तर धरला नाही तिनं, दांडी धरून उतरली, त्या गुडघ्यांनी. अठरा वर्षांची शेजारीण. असो.

आता लिही. सात खोड, जिथं जिथं आहे तिथं. आठबी खोड. दोन लिही. डॉक्टरसाहेबांले तू नको सांगू, मी सांगतो त्यांच्या तोंडावर — तुह्यावर काही येऊ देणार नाही, तुही काय चूक, तू विचारलं, मी सांगतलं. नाव काढावं लागंन माहं? काढ. मंग कायले रडते, नाक पूस. अन् सुभद्रेचा नंबर घे. पहिले साखरेचं पाह्य, जखमेचं पाह्य, गुडघे नंतर. तिले कोणी नाही, पोरगा होता तो गेला. फोनवर 'बरी आहे' म्हणंन अन् चूप बसंन. तू ठेवून नको देऊ. थांबजो. दुसऱ्यांदा विचारजो, मंग सांगंन.

काय? मले?

नको. मलेबी कायले फोन, गुडघा बरा आहे माहा. गुरुवारी मी घरी नसतो, कामं असतात मले. सरक, जाऊ दे. तिले वर पाठवतो.