गोदाक्कानं हात आवरला

मंडळी, मला सांगा — हात चालवणारा मोठा, की वेळेला हात आवरणारा? थांबा, माना डोलवू नका! आधी ऐका.

डोंगरसोनीत गोदाक्का नावाची म्हातारी. बाळंतिणींना तेल लावायची. चाळीस वर्षांचा हात! तिथले मिशीवाले कारभारी — तेसुद्धा लहानपणी तिच्याच पायांवर पालथे पडून रडलेले! आणि तिची सून शेवंता, गावची आशाताई. सासू-सून एका घरात कशा नांदतात, ते तुम्हाला काय सांगायचं? सगळे अनुभवी बसलात!

तर गावातली वैजू माहेरी बाळंत झाली. बारा दिवस बाजेवर, खाली शेगडी, पाय भुईला टेकवायचा नाही — आपली रीत! बारशाच्या सकाळी तिचा डावा पाय ठणकायला लागला. आईनं गोदाक्काला बोलावलं, जरा जोरात चोळा म्हणाली. म्हातारीनं तेल कोमट केलं, तळहातावर घेतलं — आणि बाळाचं वजन करायला शेवंता दारात!

तिनं पाहिलं. डावी पोटरी लाल, गरम, तटतटलेली. उजवी नेहमीसारखी. पोरीनं पाळण्याची दोरी सोडली आणि दोन्ही पोटऱ्या मापल्या. चांगला दोन बोटांचा फरक!

"आत्या, चोळू नका," ती म्हणाली. "शिरेत रक्ताची गाठ झाली असंल. ती सुटून फुप्फुसात गेली, तर वैजू हातची जाईल."

चार बायकांत सून सासूला अडवते! वैजूची आई भडकली. कालची पोर गोदाक्काला शिकवते का, म्हणाली.

गोदाक्कानं मात्र सुनेकडं पाहिलं. पदराला तेल पुसलं. "माझ्या हाताला आतलं दिसत न्हाई," म्हणाली. "हिला शिकवलंय. गाडी बोलवा."

डॉक्टरांनी तपासलं — गाठच होती! रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली, पुढं गोळ्या. वैजू वाचली, बारसं आठ दिवसांनी झालं.

सगळं गाव शेवंताला वाखाणत होतं, आणि ती त्या मानाचीच. पण घरी आल्यावर म्हातारीनं सुनेला हळूच विचारलं, "धाकल्या आळीतली पारू... तिचा बी एकच पाय सुजला हुता गं. मी तीन दिस चोळला, आन् चौथ्या दिशी ती गेली. माझ्या हातानंच का गं?"

शेवंतानं खोटा धीर दिला नाही. सासूचा हात हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गोदाक्का प्रत्येक बाळंतिणीचे पाय आधी दोरीनं मापायची. आणि कुणी का म्हणून विचारलं, तर पारूचं नाव सांगायची. स्वतःच्या तोंडानं!

मंडळी, आपल्या हातून जे चुकलं, त्याचं नाव चारचौघांत घेता येतं तुम्हाला? मला अजून येत नाही. म्हणून इथं उभं राहण्याआधी मी त्या म्हातारीला हात जोडतो.