रिकाम्या आचाऱ्याचा चातुर्मास

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. एक प्रश्न विचारतो — हाताला काम नसेल, तेव्हा माणसानं तोंडाचं काय करावं? हसू नका! महिन्याच्या महिन्याला पगार येतो, त्यानं खुशाल डुलकी काढावी. पण बोलावणं आलं तर काम, नाहीतर राम राम — अशांनी कान इकडं द्या!

तर एका गावात पुरुषोत्तम नावाचा आचारी होता. लग्नाचा स्वयंपाक करावा तर त्यानंच. मठ्ठा असा, की वरबाप रुसायचं विसरून जाई! पण चातुर्मास लागला — मुहूर्त बंद, लग्नं बंद, झारा खुंटीला.

बायको कालिंदी म्हणाली, घरी बसा, लोणची घालू, भेटेल त्याला सांगू की सध्या मोकळे आहोत. पुरुषोत्तम भडकला. आचारी रिकामा दिसला की लोक म्हणणार, ह्याच्या हाताची चव गेली! मग ह्यानं काय करावं? रोज सकाळी झारा खांद्यावर घ्यायचा, एसटीनं शेजारचं गाव गाठायचं, तिथं मारुतीच्या देवळात ताणून द्यायची आणि संध्याकाळी कण्हत-कुंथत परत यायचं. कुणी विचारलं की, "तारीखच मोकळी नाही हो." अरे शहाण्या, चातुर्मासात लग्न कुणाचं लावतोस? मारुतीचं? पण लोक भोळे. त्यांना पटलं! गावभर झालं — पुरुषोत्तमाला श्वास घ्यायला फुरसत नाही.

आता ऐका. त्याच गावात राधाकाकू राहत. त्यांच्या यजमानांनी पोरक्या पुरुषोत्तमाला घरात वाढवलं, झारा हातात दिला, सगळी विद्या शिकवली. ते गेले. त्यांच्या नातीच्या लग्नाचा स्वयंपाक आपल्या हातून व्हावा, एवढी एकच इच्छा ह्यानं उराशी धरली होती. कालिंदीचे कान किटले होते ते ऐकून!

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त उघडले, आणि नातीच्या लग्नाचं बोलावणं आलं. आचारी म्हणून नव्हे हो — पाहुणा म्हणून! जेवायला!

पुरुषोत्तम पंगतीत बसला. आत झारा दुसऱ्याचाच वाजत होता. ह्यानं आमटीचा भुरका मारला — खारट! ह्यानं पान पुढं सरकवलं. मिठामुळं नव्हे, मंडळी. ह्याचे डोळे आतल्या झाऱ्याकडं लागले होते. तेवढ्यात राधाकाकू तूप वाढत आल्या आणि त्याच्यापाशी थांबल्या.

"तुलाच सांगायचं होतं रे. पण आमच्या घरचं म्हटल्यावर तू नाही म्हणणार नाहीस, आणि उगाच कुणाला दिलेली तारीख मोडशील, म्हणून नाही विचारलं."

ह्याला रडूच फुटलं, भर पंगतीत.

"काकू, मी चार महिने देवळात झोपा काढत होतो."

काकूंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "मेल्या, हे तेव्हा बोलला असतास, तर आज माझं वऱ्हाड नुसतं पाणी पीत बसलं असतं का?"

आता तुमच्याकडं वळतो! पलीकडं कुणी नसताना कानाला फोन लावून "जरा गडबडीत आहे" म्हणणारे — मला इथून दिसतात बरं! लाज कसली? देव स्वतः आषाढात झोपतो तो कार्तिकात उठतो — आणि तेही पंचांगात छापून! त्याचा धंदा बसला, असं म्हणालं कुणी? मोकळे असाल तर मोकळे आहोत म्हणा की! आत्ता तर आहातच; नाहीतर माझ्यासमोर कशाला बसला असता? हात रिकामे आहेत — टाळी वाजवा, आणि त्या झोपाळू विठ्ठलाला हाक मारा!