डोंगराशी नातं

कचेरीच्या बाकावर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. समोरच्या सभागृहात त्यांच्या डोंगरावरच्या युरेनियमच्या खाणीची सुनावणी चालली होती. जे कानावर पडलं तेच सांगतो; पदरचं घालायची मला सवय आहे, पण इथे गरजच पडली नाही.

"जाऊबाई, सासूबाई अजून बोलतायत?"

"सकाळपासून. साहेबांनीच विचारलं ना, डोंगराशी तुमचं नातं काय म्हणून!"

"अगंबाई! आपल्या माणसांना असं विचारतं का कुणी?"

"आता डोंगरात पुरलेल्या एकेकाचं नाव, कूळ, स्वभाव सांगितल्याशिवाय त्या बसायच्या नाहीत. मध्येच कुणी तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आपली रीतच ती."

"कुणी तोडलं नाही ना?"

"कंपनीचा वकील दोनदा खोकला."

"मग?"

"दोनदा पहिल्यापासून."

"आज सुनावणी उरकली नाही, तर कंपनीची परवानगी बुडते म्हणे."

"म्हणून तर तो आता तोंडात रुमाल धरून बसलाय."

"आणि साहेब?"

"ते रंगलेत. पळून गेलेल्या चुलत आत्याचं पुढे काय झालं, असं स्वतःच विचारत होते."

"पण सासूबाईंचा घसा बसला तर हो? मेले आपली माणसं उकरून काढतील, डोंगरातला झराही नासवतील."

"बसला तर मी उभी राहीन, माझ्यामागे तू."

"पण त्या आल्यात कुठवर?"

"अजून माहेरच चाललंय. सासरला हातसुद्धा लावलेला नाही."