काशाची वाटी

खरं सांगू? बायकांच्या आरोग्याचं काम करायला दिल्लीहून शिकून माझ्या गावी, अंथुर्ण्याला परतले तेव्हा वाटलं होतं, गर्भपिशवी काढलेल्या बायकांना बोलतं करायला महिना लागेल. झालं उलटंच. पहिल्याच बैठकीत सगळ्या बोलल्या, गप्प होती ती फक्त माझी आई.

मी विचारलं, "अंगातून एकदम वाफा येतात, झोप लागत नाही, असं कुणाला होतं?"

शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "आगं, तुझ्या आईलाच इचार की! आपरेशन झाल्यापासनं रोज काशाच्या वाटीनं तळपाय घासती. म्हणती, उष्णता हाय."

बायका हसल्या. आईनं तळपाय साडीखाली ओढून घेतले.

घरी मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा हुती. आन् सांगायचं काय? मला वाटायचं, डोकंच फिरलंय माझं."

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? ती काढली की अंगातली हार्मोन्स एकदमच कमी होतात, म्हणून असा त्रास होतो."

"कुणाला ठावं? डॉक्टर म्हणलं, सगळं साफ केलंय."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा इंग्रजी कागद ट्रंकेत सापडला. दोन्ही अंडाशयं काढली होती. घरात तो वाचू शकणारी मी एकटीच, आणि फोनवर आईचं "बरी हाय" ऐकून दोन वर्षं निश्चिंत राहिलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदापूरची बैठक रद्द केली. म्हटलं, "आई, आवर. बारामतीला डॉक्टरांकडं जाऊ."

"आन् तितल्या बायका?"

"त्या आठवडाभर थांबतील. तू दोन वर्षं थांबलीस."