बाराशे सात नंबरचा हेलकावा

काका : पण मॅडम, ताऱ्यांची यादी चारला मंत्रालयात पोचायची होती. साडेचार होऊन गेले.

प्रमुख : मीच थांबवलीय. दार लोटा आणि बसा, काका.

काका : उभाच बरा. या खोलीत ‘बसा’ म्हणून कुणी कधी चांगलं बोललेलं नाही. कोठारातली काच फुटली का एखादी? तुमच्या हाताखालच्या दोघी मुलींनी आकाशाच्या जुन्या फोटोंच्या चाळीस काचा नेल्या. मी मोजून दिल्यात हं!

प्रमुख : शाबूत आहेत सगळ्या. बाराशे सात नंबर आठवतो?

काका : त्याचं नाव कशाला काढता? त्याच्यापायी मोजणीच्या यंत्रावरून उठवून मला कोठारात बसवलं. अठरा वर्षं झाली. बडे साहेब म्हणाले होते, तारा सरळच चालतो, तुमचा डोळा वाकडा चालतो. सगळे खो खो हसले.

प्रमुख : मीही हसले होते.

काका : तुम्ही नव्या होतात. साहेब हसले की नव्यानं हसायचंच असतं.

प्रमुख : नुसती हसले नाही. तुमच्या वहीतल्या त्या अकरा नोंदींवर काट मारायला मला सांगितलं, आणि मी मारली. पट्टी लावून.

काका : ठाऊक आहे. रेघ सरळ होती, तेव्हाच ओळखलं. बाकीच्यांची कुठली एवढी सरळ यायला!

प्रमुख : काका, थट्टा नको. यंदा नव्या यंत्रावर दोघी मुलींनी वेगवेगळं मोजलं, तरी तोच तारा सरळ रेघेबाहेर. यंत्र तपासलं, ठणठणीत. म्हणून जुन्या काचा मागवल्या. नंबर झाकून दिल्या, कुठला तारा मोजतोय ते मुलींना कळू दिलं नाही. आता हा कागद बघा.

काका : थांबा, चष्मा... कुठे ठेवला...

प्रमुख : नाकावर आहे.

काका : हां. अहो, ही तर लाट आहे!

प्रमुख : चोवीस वर्षांत एक हेलकावा. थोडा इकडे, थोडा तिकडे.

काका : म्हणजे कुणीतरी ओढतंय त्याला.

प्रमुख : जोडीदार आहे. दुर्बिणीतून न दिसणारा, अंधारा. दोघं एकमेकांभोवती फेर धरतात.

काका : आणि ही लाल टिंबं?

प्रमुख : तुमच्या नोंदी. काटेखालचे आकडे वाचता येत होते.

काका : लाटेवर बसल्यात?

प्रमुख : अकराच्या अकरा.

(काका चष्मा काढून पुसतात, पुन्हा लावतात, कागद अगदी डोळ्यांशी नेतात.)

काका : बायकोनं तीन तीन डॉक्टर केले हो माझ्या डोळ्यांसाठी! गाजरं खाऊन खाऊन जीव विटला माझा!

प्रमुख : संचालकांचा फोन होता. पस्तीस हजारांत एक तारा गळाला तर काय बिघडतं, म्हणाले. मी म्हटलं, यादी जाईल ती त्याच्यासकट, नाहीतर माझी सही नाही. त्यांनी खूप आदळआपट केली. शेवटी आठ दिवस दिले. शोधावर पहिलं नाव तुमचं. आणि काट मी मारली, तेही लिहिणार.

काका : ते कशाला? एवढ्या विभागाच्या प्रमुख तुम्ही. नावाला बट्टा लागेल.

प्रमुख : तो तेव्हाच लागलाय.

काका : मग तेव्हाच्या बड्या साहेबांनी सांगितलं म्हणून, असंही लिहा.

प्रमुख : लिहीन. पण पट्टी माझी होती. रागावलात ना?

काका : अठरा वर्षं रागावलोच होतो. आत्ता शोधतोय, तर मेला सापडेना! हसू येतंय नुसतं.

प्रमुख : उद्यापासून यंत्रावर तुम्ही बसायचं.

काका : उद्या कशाला? ऑफिस सुटायला अजून तासभर आहे. चला की शेजारी!

प्रमुख : चला. मुलींनो, उठा गं, काकांना जागा द्या. काच लावलेलीच आहे.

काका : खुर्ची खाली घ्या जरा. पाय लोंबकळतायत माझे. हं. नोंदी कोण घेणार?

प्रमुख : मी घेते. वही उघडलीय. काका, डोळ्यांना ताण येतोय का? पाणी आणू? नाहीतर थोडं थांबून...

काका : गप्प बस बाळा जरा. दिसतोय.