उजवीकडची दाढ

“बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नकोस, दात किडतील,” असं आई सांगायची आणि मी ते हसण्यावारी न्यायची. परवा अखेर लेकीला घेऊन दातांच्या दवाखान्यात बसावं लागलं. शेजारी या दवाखान्याचे जुने डॉक्टर बसले होते, तीनदा आमदार झालेले. सोबत त्यांची बायको होती आणि समोर त्यांचा म्हातारा कंपाउंडर.

“वहिनी, साहेब ओळखतील ना मला?”

“सकाळी पोटच्या मुलाला म्हणाले, अर्ज लिहून आणा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, भाऊजी.”

“अहो, दवाखाना काय, प्रचार काय, सावलीसारखा होतो मी!”

“कोण आहे? आ करा बघू.”

“साहेब, इथे? चारचौघांत?”

“लाजता काय? करा मोठा आ.”

“आऽऽ.”

“ही उजवीकडची दाढ मी भरलीय. निकालाच्या दिवशी. पडलो मी, आणि रडत होतास तू.”

“दाढ दुखत होती, साहेब.”

“थापा मारू नकोस. भूल दिल्यावरही रडतच होतास.”

“वहिनी, ऐकलंत?”

“ऐकलं हो, भाऊजी. डोळे पुसा आधी.”

तुमच्याकडेही एखादे माजी आमदार घरी बसून असतील. काही काम नसताना एकदा जाऊन बघून या ना, कसे आहेत ते.